विश्लेषण : नाल की बूट? घोड्याच्या पायात नेमके काय असावे?

माथेरानच्या क्ले पेव्हर ब्लॉकवर घोडे घसरतात, ही अश्वपालकांची जुनी तक्रार. मग लोखंडी नाल काढून घोड्याला रबरी बूट का घालत नाहीत? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

दस्तुरी नाक्यावर गाडी लावून माथेरानच्या बाजारपेठेकडे पायी निघालात, की वळणाआडून घोडा येतोय हे आधी कानाला कळते. लाल मातीवर हा आवाज दबका असतो, ‘थप थप’ असा. पेव्हर ब्लॉकचा पट्टा सुरू झाला की तोच आवाज ‘टक टक’ होतो. लोखंड कठीण पृष्ठभागावर आपटल्याचा तो आवाज. आजच्या विषयाचे निम्मे विज्ञान या दोन आवाजांतल्या फरकात आहे.

माथेरानचा रस्ता हा काही वर्षांपासून न्यायालयात गाजणारा विषय आहे. २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या या गावात मोटारींना बंदी आहे. घोडे, हातरिक्षा, मिनी ट्रेन आणि अलीकडे ई-रिक्षा एवढीच वाहतूक. मातीची धूप थांबावी आणि ई-रिक्षांना रस्ता मिळावा यासाठी पेव्हर ब्लॉक हवेत, असे एका बाजूचे म्हणणे. ब्लॉकवर घोड्यांचे पाय टिकत नाहीत, असे दुसऱ्या बाजूचे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचे निर्देश दिले. त्याच निकालात दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉकला मुभा मिळाली, मात्र गावातले अंतर्गत रस्ते आणि ट्रेकिंगच्या वाटा त्यातून वगळल्या गेल्या.

म्हणजे घोड्याला यापुढे दोन्ही जमिनींवर चालायचे आहे. मुख्य रस्त्यावर ब्लॉक, पॉइंटकडे जाणाऱ्या वाटांवर लाल माती आणि जांभा दगड. अशा घोड्याच्या पायात काय असावे?

नाल मुळात ठोकतात कशासाठी?

घोड्याचा खूर हा आपल्या नखासारखाच केराटिनचा बनलेला असतो. महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. खुराच्या पुढच्या भागात वरून खालपर्यंत संपूर्ण नवी भिंत यायला ९ ते १२ महिने लागतात. मोकळ्या कुरणात फिरणाऱ्या घोड्याचा खूर जितका वाढतो, तितकाच झिजतो. हिशेब बरोबर बसतो.

माणूस पाठीवर बसला आणि रस्ता दगडी झाला, की हा हिशेब बिघडतो. खूर वाढण्यापेक्षा जास्त वेगाने झिजू लागतो, तळवा पातळ होतो, घोडा दचकत पाय टाकतो. नाल हा या झिजेवरचा उपाय. झीज लोखंडाने सोसायची, खुराने नाही.

रोमन काळात घोड्याच्या पायाला बांधायची धातूची पादत्राणे होती, त्यांना हिप्पोसँडल म्हणतात. म्हणजे बांधायचे-काढायचे बूट ही कल्पना आजची नाही. खिळ्यांनी ठोकलेली नाल युरोपात नवव्या-दहाव्या शतकापासून सर्रास दिसू लागते. आपल्याकडे या कामाचे महत्त्व एका शब्दात शिल्लक आहे. मराठेशाहीत मोहिमेवर निघण्यापूर्वी शिलेदारांना तयारीसाठी जी आगाऊ रक्कम देत, तिला ‘नालबंदी’ म्हणत. घोड्याच्या पायाचा खर्च आधी, बाकीचे नंतर.

(आज आपल्यापैकी अनेकांचा नालेशी संबंध येतो तो दारावर टांगण्यापुरता. शनीची पीडा टळावी म्हणून काळ्या घोड्याची नाल घेतली जाते. ती घोड्याच्या पायातून का निघाली, हे कोणी विचारत नाही.)

खिळा घोड्याला दुखत नाही का?

नीट ठोकला तर नाही. खुराच्या बाहेरच्या भिंतीत संवेदना नसतात. ती भिंत आणि तळवा जिथे मिळतात तिथे फिकट रंगाची एक रेषा दिसते. नालबंद खिळा त्या रेषेच्या बाहेरच्या बाजूने घालतो, तो भिंतीतून तिरका वर निघतो, मग टोक कापून वळवून टाकतात. जागा काही मिलिमीटरची असते. अनुभवी नालबंद खिळ्याचा आवाज ऐकून सांगतो, खिळा घट्ट भिंतीत चाललाय की आतल्या मऊ भागाकडे.

खिळा आत गेला तर घोडा लगेच पाय ओढतो. खिळा नुसता मऊ भागाला दाबत राहिला तर लंगडणे दोन-तीन दिवसांनी सुरू होते आणि पू झाल्यावर घोडा पाय टेकवत नाही. घोडा हा धनुर्वाताला अतिशय लवकर बळी पडणारा प्राणी आहे. पायातली छोटी जखम त्याच्या जिवावर उठू शकते, म्हणून धनुर्वाताची लस ही नालबंदीइतकीच नियमित गोष्ट असायला हवी.

नालेचा दुसरा तोटा कमी दिसतो. पायावर वजन आले की खुराचा मागचा भाग किंचित फाकतो, वजन उचलले की पुन्हा मिटतो. या हालचालीने धक्का शोषला जातो आणि पायातले रक्त वर ढकलायलाही मदत होते. कडक लोखंड खिळ्यांनी बसवले की ही हालचाल मर्यादित होते. म्हणून चांगला नालबंद खुराच्या सर्वांत रुंद भागाच्या मागे खिळा ठोकत नाही, टाचेकडचा भाग मोकळा सोडतो. लोखंड कठीण रस्त्यावर आपटल्यावर जी कंपने पायात चढतात, ती उघड्या खुरापेक्षा जास्त असतात, हेही मोजून पाहिले गेले आहे. ती ‘टक टक’ आपल्या कानाला ऐकू येते, घोड्याच्या सांध्यांना जाणवते.

मग पेव्हर ब्लॉकवर नाल घसरते का?

घसरते आणि त्याचे कारण समजायला इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचे पुस्तक पुरते. (माझे ते पुस्तक परीक्षेनंतर पहिल्यांदाच या लेखासाठी उपयोगी पडले.)

मातीवर नाल नुसत्या घर्षणावर टिकत नाही. तिची कड मातीत काही मिलिमीटर रुतते आणि पाय मागे-पुढे सरकायचा तर ती माती आधी ढकलावी लागते. हे दातात दात अडकल्यासारखे आहे. घोडा, खोगीर आणि स्वार मिळून साडेतीनशे-चारशे किलोचे वजन त्या कडेवर येते, त्यामुळे ओल्या लाल मातीतही नाल पकड घेते. नालेच्या आतल्या पोकळीत माती दाबून भरते, तीही मातीवर पकड देते.

ब्लॉकमध्ये नाल रुतू शकत नाही. आता उरते ते फक्त धातू आणि भाजक्या मातीचा कठीण पृष्ठभाग यांचे घर्षण. दोन कठीण वस्तूंमध्ये संपर्काचे क्षेत्रफळ वाढवून घर्षण फारसे वाढत नाही, त्यामुळे नाल रुंद केली म्हणून फरक पडत नाही. त्यात ब्लॉक वापरून गुळगुळीत झालेले, वर लीद, मूत्र, पाऊस आणि शेवाळ. उतारावर घोडा मागच्या पायांवर वजन घेऊन स्वतःला थांबवत उतरतो, तेव्हा पाय पुढे निसटतो. ब्लॉकमधल्या सांध्यांना नालेची कड अडकली तर आधार मिळतो, नाही अडकली तर नाही.

रबर आणि तत्सम मऊ प्लास्टिक वेगळे वागते. ते पृष्ठभागाच्या बारीक खाचखळग्यांत दबून बसते, त्यामुळे तिथे संपर्काचे क्षेत्रफळ महत्त्वाचे ठरते. दुचाकीचे टायर लोखंडाचे का नसतात, याचे उत्तर हेच. खुराचे केराटिनही लोखंडापेक्षा चांगले धरते. म्हणून गुळगुळीत, कठीण रस्त्यावर पकडीचा क्रम साधारण असा लागतो : रबरी तळ, उघडा खूर, मग साधी लोखंडी नाल.

पण चिखलात हा क्रम उलटू शकतो. सपाट रबरी तळाचा बूट ओल्या गवतावर किंवा चिकट चिखलात बर्फावरच्या चपलेसारखा सरकतो. माथेरानच्या पावसाळ्यात दोन्ही प्रकारची जमीन एका फेरीत लागते.

आणखी एक गोष्ट. घोड्याचा पाय जमिनीवर टेकताना थोडासा पुढे सरकतोच, तो तसा सरकायलाच हवा. त्या सरकण्यात धक्क्याची बरीच ऊर्जा खर्च होते. पाय टेकताक्षणी जागीच खिळला तर तो सगळा भार सांधे आणि शिरांवर येतो. त्यामुळे ‘जितकी पकड जास्त तितके चांगले’ हे घोड्याच्या बाबतीत खरे नाही. हवी असते ती मधली पकड.

हूफ बूट म्हणजे नेमके काय?

पॉलियुरेथेनसारख्या टिकाऊ प्लास्टिकचा किंवा रबराचा, खुराच्या मापाचा बूट. खाली टायरसारखी नक्षी, बाजूला पट्टे, बकल किंवा केबल, मागे टाचेला धरणारा मऊ पट्टा. स्वारीआधी घालायचा, नंतर काढायचा. आधुनिक बुटांची विक्री अमेरिकेत १९७०च्या दशकात सुरू झाली, ‘ईझीबूट’ हे त्यातले पहिले गाजलेले नाव. सुरुवातीला नाल वाटेत निघाली तर खोगिराला टांगलेले सुटे चाक, एवढाच त्याचा उपयोग होता. आता ऑस्ट्रेलियाचा ‘स्कूट बूट’, ‘कॅव्हालो’, ‘रेनेगेड’ असे अनेक प्रकार मिळतात.

बुटांची खरी परीक्षा झाली ती लांब पल्ल्याच्या एन्ड्युरन्स शर्यतींत. कॅलिफोर्नियातल्या ‘टेव्हिस कप’मध्ये घोडा आणि स्वाराला सिएरा नेवाडाच्या डोंगरातून २४ तासांत १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर जायचे असते. खडक, धूळ, ओढे सगळे वाटेत. तिथे बूट घातलेले घोडे पूर्ण अंतर पार करतात आणि जिंकलेही आहेत. तपशील महत्त्वाचा : जिंकणाऱ्या घोड्यांच्या पायात बहुधा पट्ट्याचे नव्हे, तर शर्यतीपुरते खुराला चिकटवलेले बूट होते. शर्यत संपली की ते उचकटून काढतात.

इथे एक सावधगिरी. भारतीय संकेतस्थळांवर ‘हॉर्स बूट’ शोधले तर बहुतेक वेळा नळीला बांधायचे संरक्षक पट्टे किंवा ‘बेल बूट’ समोर येतात. बेल बूट हा मागच्या पायाची ठोकर पुढच्या पायाला लागू नये म्हणून घातलेला घंटेसारखा घेर असतो, त्याला तळ नसतो. तो घेऊन पेव्हर ब्लॉकवर काहीच उपयोग नाही.

खर्चाचे गणित कोणाच्या बाजूने?

परदेशात बुटांची एक जोडी साधारण १५० ते २५० डॉलरना पडते. वाहतूक आणि आयात शुल्क बाजूला ठेवून सोयीसाठी जोडीला १५ हजार रुपये धरू. बूट किती चालतो हे घोड्याचे वजन, चाल आणि जमीन यावर ठरते. हिशेबासाठी ७५० किलोमीटर धरू.

पहिला घोडा पुण्यातल्या एखाद्या रायडिंग क्लबमधला, हौशी मालकाचा. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी १० किलोमीटर. आठवड्याला ३० किलोमीटर. त्याची बुटांची जोडी २५ आठवडे चालेल. घोड्याचे साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या पायांवर असते, त्यामुळे अनेक हौशी स्वार फक्त पुढच्या पायांना बूट घालतात, मागचे उघडे ठेवतात. वर्षाला दोन जोड्या, ३० हजार रुपये.

दुसरा घोडा माथेरानचा. दिवसाला १५ किलोमीटर आणि महिन्याला २५ दिवस धरले तर महिन्याला ३७५ किलोमीटर. जोडी दोन महिन्यांत संपली. उताराच्या रस्त्यावर चारही पाय झाकावे लागणार. वर्षाला १२ जोड्या, १ लाख ८० हजार रुपये. पावसाळ्यात काम कमी असते म्हणून यातून चौथा हिस्सा वजा केला तरी आकडा १ लाख ३५ हजार राहतो. एका घोड्याचा.

शिवाय बूट घेतले म्हणून नालबंदाचा खर्च शून्य होत नाही. नाल असो वा बूट, खूर दर चार ते सहा आठवड्यांनी कापून-घासून आकारात आणावाच लागतो. बूट वापरणाऱ्याला तर हे काम जास्त काटेकोरपणे करावे लागते, कारण बूट ठरलेल्या मापाचा आणि खूर वाढता. पाचव्या आठवड्यात तोच बूट घट्ट होऊ लागतो.

ज्याचे पोट घोड्याच्या फेऱ्यांवर आहे, त्याला ‘नाल क्रूर आहे, बूट घाला’ हे सांगणे मुंबईत बसून सोपे आहे. वरचा आकडा त्याच्या दारात नेऊन ठेवला की बोलणे थांबते. रस्ता कोणता असावा हे अश्वपालकाने ठरवले नाही, पण त्या रस्त्याला साजेसे पादत्राण घ्यायचा खर्च मात्र त्याच्यावर. हा प्रश्न पेव्हर ब्लॉकच्या वादात जेवढा यायला हवा होता, तेवढा आलेला दिसत नाही.

पैसे असले तर दिवसभर बूट चालतील?

नाही, आणि ही बुटांची सर्वांत मोठी मर्यादा आहे. बहुतेक बूट काही तासांच्या स्वारीसाठी बनवलेले असतात. सकाळी नऊला घातले आणि संध्याकाळी सहाला काढले, असा वापर त्यांना सोसत नाही. खरे तर घोड्याला सोसत नाही.

टाचेजवळची आणि खुराच्या वरच्या कडेची त्वचा नाजूक असते. बुटाचा पट्टा तिथे घासतो. आत बारीक माती गेली की पट्टा पॉलिश पेपरचे काम करतो. लाल मातीच्या वाटेवर ही माती जाणारच. पावसात आत पाणी साचते, खूर तासन् तास ओला राहून मऊ पडतो आणि तळव्याच्या मध्ये जो त्रिकोणी, रबरासारखा भाग असतो (नालबंदीच्या इंग्रजीत त्याला फ्रॉग म्हणतात) तो सडू लागतो. काळपट स्राव आणि नाक दाबायला लावणारा वास आला की समजावे, संसर्ग झाला. हा आजार अस्वच्छ तबेल्यातल्या नाल ठोकलेल्या घोड्यालाही होतो. बूट त्याला घर करून देतो एवढेच.

मापाचा मुद्दा त्याहून कटकटीचा. पुढचे खूर गोलसर, मागचे लांबट. एकाच घोड्याचे डावे-उजवे खूरही सारखे नसतात. बूट निवडताना खूर ताजा कापलेला असताना त्याची रुंदी आणि लांबी मिलिमीटरमध्ये मोजून कंपनीच्या तक्त्याशी जुळवावी लागते. सैल बूट वळणावर फिरतो किंवा चिखलात निघून राहतो. घोडा पळत असताना एक बूट अर्धवट निघून पायात लटकला, तर तो घसरण्याइतकाच धोका आहे. देशी घोड्यांचे खूर बऱ्याचदा लहान आणि अरुंद असतात, तर यातले अनेक बूट रुंद खुरांचे घोडे डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले.

दोन्हींच्या मधला काही मार्ग आहे का?

आहे, आणि माथेरानसारख्या ठिकाणी मला तोच जास्त शक्य वाटतो.

पहिला मार्ग नालबंदाच्या पेटीतलाच. नालेच्या खालच्या बाजूला टंगस्टन कार्बाइडचे कण झाळून लावता येतात किंवा टोकाला कार्बाइड असलेले खिळे वापरता येतात. कार्बाइड लोखंडापेक्षा कितीतरी कठीण, ते डांबर आणि ब्लॉकवर चावा घेते. परदेशात शहरांत फिरणाऱ्या अश्वपोलिसांच्या घोड्यांना असे नाल ठोकण्याची पद्धत आहे. मुंबई पोलिसांनी १९३२ साली बंद पडलेले अश्वदल २०२०मध्ये पुन्हा उभे केले, तेव्हा डांबरी रस्त्यावरचा घोडा हा विषय आपल्याकडेही परत आला. मात्र कार्बाइड जास्त लावले की पाय जागीच खिळण्याचा वर सांगितलेला धोका येतो. शिवाय ते ब्लॉकही खरवडते.

दुसरा मार्ग म्हणजे खिळ्यानेच ठोकायची, पण रबर किंवा पॉलियुरेथेनचे आवरण असलेली नाल. माथेरानसारखेच एक गाव अमेरिकेत आहे. मिशिगनमधल्या मॅकिनॉ बेटावर १८९८पासून मोटारींना बंदी आहे. उन्हाळ्यात तिथे शेकडो घोडे काम करतात आणि रस्ते पक्के आहेत. बग्गी ओढणाऱ्या घोड्यांना तिथे साध्या लोखंडाऐवजी अशा मऊ तळाच्या नालांचा वापर होतो. घोडा कमी घसरतो, रस्ता कमी उखडतो. अशी नाल दिवसभर पायात राहते, तिला पट्टे नसल्याने घासत नाही आणि आपल्या नालबंदाला नवे कौशल्य फारसे शिकावे लागत नाही. किंमत लोखंडापेक्षा जास्त, बुटांपेक्षा कमी. खिळ्याचे तोटे मात्र राहतातच.

तिसरा मार्ग अ‍ॅल्युमिनियम. शर्यतीचे घोडे धावतात ते याच हलक्या नालांवर. पोलादाच्या तुलनेत वजन साधारण एक तृतीयांश. पण धातू मऊ असल्याने ती रस्त्यावर भराभर झिजते. रेसकोर्सच्या हिरवळीसाठी ठीक, दस्तुरीच्या चढासाठी नाही.

हौशी मालकांनी बुटांकडे कसे वळावे?

एका दिवसात नव्हे. वर्षानुवर्षे नाल वापरलेल्या घोड्याची नाल काढली की त्याचा तळवा पातळ आणि हळवा असतो, भिंतीत खिळ्यांची जुनी भोके असतात. ती भोके खाली उतरून कापली जाईपर्यंत काही महिने जातात, पूर्ण नवा खूर यायला वर्षभर. या काळात उघड्या पायाने दगडावर नेणे म्हणजे छळ. मऊ जमीन, थोडे अंतर आणि बुटात टाकायचा मऊ पॅड, अशी सुरुवात करतात. पहिल्या दिवशी २०-३० मिनिटे. मग बूट काढून टाचेवर, खुराच्या वरच्या कडेवर हात फिरवून पाहायचा. केस उडालेले, त्वचा गरम किंवा लाल दिसली तर माप चुकले आहे. पट्टा आणखी आवळणे हा त्यावरचा उपाय नाही.

काही घोडे बुटांवर कधीच सुखी होत नाहीत. खुराचा आकार बिघडलेला असेल, खूर फुटत असेल, तर पशुवैद्य आणि नालबंद मिळून खास नाल ठोकायला सांगतात, तिथे बुटाचा आग्रह धरू नये. उलट खूर इतका ठिसूळ झाला की खिळा धरतच नाही, तेव्हा बूट हाच आधार असतो. स्पर्धेत उतरायचे असेल तर त्या क्रीडाप्रकाराच्या नियमांत बूट चालतात का, हे आधी बघावे. एन्ड्युरन्समध्ये ते सर्रास दिसतात, सगळीकडे नाही.

पर्यटकांनी काय पाहावे?

घोड्यावर बसण्याआधी त्याला आठ-दहा पावले चालवायला सांगा. ठरावीक एक पुढचा पाय टेकताना दर वेळी डोके वर झटकले जात असेल, तर तो पाय दुखतो आहे. उभा असताना तो एकच पुढचा पाय सतत पुढे टाकून हलका ठेवत असेल, तरीही. (मागचा एक पाय सैल सोडून उभे राहणे मात्र घोड्याची नेहमीची विश्रांती आहे, त्याला आजार समजू नका.) मग नाल पाहा. ती खुराच्या कडेपेक्षा लहान दिसत असेल, खूर तिच्यावरून ओघळल्यासारखा बाहेर आला असेल, तर नालबंदीची तारीख कधीच उलटून गेली आहे. चालताना एका पायाची नाल खडखडत असेल, तर खिळे सैल आहेत.

जखमी किंवा आजारी, कामाला अपात्र जनावराला कामाला लावणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याच्या कलम ११खाली गुन्हा आहे. पण तिथे उभे राहून कायदा वाचून दाखवण्यापेक्षा दुसरा घोडा मागणे अधिक परिणामकारक ठरते. लंगडा घोडा दिवसभर गिऱ्हाइकाविना उभा राहिला की मालक संध्याकाळी नालबंदाला बोलावतो.

ब्लॉकचा उतार ओला असेल तर लहान मुलांना तेवढ्या पट्ट्यात खाली उतरवून घ्या, वजन कमी झाले की घोडाही पाय सावरतो. हेल्मेट मागा. आणि घोडेवाला लगाम धरून पुढे चालत असेल, तर त्याला ‘जरा पळवा ना’ असे म्हणू नका. पळताना पाय जमिनीवर ज्या जोराने आपटतो, तो झेलायला त्या ब्लॉकवर नाल, बूट किंवा उघडा खूर, यातले काहीच पुरेसे नाही.